परकोट कुणाचा?

चंद्रपूरच्या परकोटाचा विषय निघाला की हमखास दोन बाजू पडतात. एक कोटाच्या आत जन्मलेल्यांची, दुसरी जंगलातल्या गावांची. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्याआधी तिथलं धानोराही चांद्याच्याच, म्हणजे चंद्रपूरच्याच, पोटात होतं, म्हणून हा वाद घरातलाच आहे. पुढचा संवाद या दोन बाजूंचा. मामा गोंड समाजातले, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, राहणार पठाणपुरा. भाची धानोरा तालुक्यात ग्रामसभांसोबत काम करते. दोन्ही माणसं कल्पिलेली आहेत, पण त्यांचे मुद्दे या भागात रोज ऐकू येणारे आहेत.

मामा : धानोऱ्याहून चंद्रपूरला तू कितीदा येतेस, बाई. जटपुरा दरवाजातून आत शिरतेस, काम उरकतेस आणि त्याच दरवाजातून परत जातेस. दरवाजाच्या अंगावर हत्तीवर झेपावलेला सिंह कोरलाय, तो कधी मान वर करून पाहिलास का? ते आपल्या राजांचं चिन्ह आहे. एवढं मोठं काम आपल्या माणसांनी केलं, याचा अभिमान तुम्हा पोरांना का वाटत नाही, तेच मला कळत नाही.

भाची : मान वर करायला सवड कुठं असते, मामाजी? जटपुऱ्याच्या कोंडीत पुढच्या गाडीचं चाक आणि मागच्याचा हॉर्न, एवढंच कळतं. पण तुमचा प्रश्न टाळत नाही मी. अभिमान कशाचा वाटावा, तेच आधी सांगा. भिंतीचा की राजाचा?

मामा : दोन्हींचा. खांडक्या बल्लाळशाहानं पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या नगराची आखणी केली. राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते, काही केल्या बरे होत नव्हते. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी तो प्याला, हातपाय धुतले, आणि त्याला उतार पडला. राणीनं जागा साफ करवली, तिथं अंचलेश्वराचं स्थान सापडलं. मग त्याच परिसरात राजानं एक नवल पाहिलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागं लागला होता. राणी म्हणाली, ही जागा साधी नाही, सशाच्या मागावरून कोट बांधा. 1869 च्या जमाबंदीच्या वेळी मेजर लुसी स्मिथनं या कथा लिहून काढल्या. त्या आधीपासून घराघरात होत्याच.

भाची : कथा मलाही आवडते. दुबळा बलवानाच्या मागं लागतो, हे त्यातलं मर्म आहे. पण ससा पळाला त्या वाटेवर दगड कुणी वाहिले, ते कथेत येत नाही.

मामा : ते कुठल्याच कोटाच्या कथेत येत नाही. पण काम केवढं, ते तरी बघ. घेर जवळपास दहा-अकरा किलोमीटर. पंधरा ते वीस फूट उंचीची, घडीव दगडाची सलग भिंत. दगड आपल्याच भागातला वालुकाश्म, सांध्याला चुना. चार दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. एकोणचाळीस बुरूज. आतून फांजी, म्हणजे पहारेकऱ्याला भिंतीच्या माथ्यावरून फिरता येईल अशी वाट. खांडक्यानं आखणी केली, हिरशाहानं काम पुढं नेलं आणि पुरं झालं ते धुंड्या रामशाहाच्या काळात, 1600 च्या सुमारास. शंभर वर्षांहून जास्त काळ, पिढ्यान् पिढ्या एका आखणीला धरून काम चाललं. एका राजाला आपल्या हयातीत पुरी न होणारी गोष्ट सुरू करावीशी वाटते आणि पुढच्यांना ती सोडून द्यावीशी वाटत नाही, हे राज्य स्थिर असल्याखेरीज होत नाही.

भाची : हे मान्य. पण राज्याचं बळ भिंतीत होतं, हे मान्य नाही. हिरशाहाचंच घ्या. जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला सनद, जो तळं बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा त्याचा रिवाज सांगतात. आज चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात धान पिकतं ते अशा तळ्यांच्या परंपरेवर. ऐन-ए-अकबरीत चांद्याच्या बाबाजी राजाचं नाव येतं, तिथं एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ लिहिलंय. चाळीस हजार माणसं कोटाच्या आत राहत नव्हती, मामाजी. ती वैरागड, धानोरा, अहेरी, सिरोंचा इकडच्या गावागावांत होती, शेतावर आणि जंगलात. राजाचा खरा कोट म्हणजे ही माणसं.

मामा : मग शहराला कोट लागतच नाही, असं म्हणतेस?

भाची : कोटानं काय राखलं, ते मोजून बघू या, असं म्हणते. 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चालून आला. तेव्हा हा परकोट पुरा होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. लढाई झाली का? नाही. राजा सामोरा गेला आणि जबर खंडणी कबूल केली. पुढं नागपूरचे रघुजी भोसले आले. नीलकंठशाहानं आधी महसुलाचा मोठा वाटा लिहून दिला आणि 1751 मध्ये राज्यच गेलं. राजा बल्लारपुरात कैदेत मेला. ते राज्यही तोफेनं कमी आणि आतल्या फितुरीनं जास्त गेलं, असंच जुने लोक सांगत आले. दोन मोठे प्रसंग आले आणि दोन्ही वेळा भिंत नुसती उभी राहिली.

मामा : इथं तू चुकतेस. भिंत लढली नाही म्हणजे ती निरुपयोगी, असं होत नाही. कोटाचं पहिलं काम शत्रूला मारणं नसतं, त्याला थांबवणं असतं. कोट होता म्हणून बोलणी झाली. भिंत नसती तर बोलणी कशाला झाली असती? शहर लुटलं गेलं असतं, बायापोरं रानात पळाली असती. खंडणी जड होती हे खरं, पण ती ठरवून दिली, लूट ठरवून होत नाही. वेढा घालायला महिने लागतात, त्यात फौजेला दाणा-वैरण लागते, पावसाळा येतो, रोगराई येते. हे सगळं गणित समोरच्याला करायला लावतो तो कोट. जगभरातल्या नगरांनी त्यासाठीच भिंती बांधल्या. कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी पाचव्या शतकातली. तिच्या आडोशानं ते शहर हजार वर्षं टिकलं. 1453 मध्ये तुर्कांच्या मोठ्या तोफांपुढं ती हरली, म्हणून आधीची हजार वर्षं वाया गेली असं कुणी म्हणतं का?

भाची : तोफांचं तुम्हीच काढलंत. मग 1818 चं सांगा.

मामा : सांगतो. पेशवाई संपत आली होती. नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांविरुद्ध उठले, दुसरा बाजीराव त्यांच्याशी हातमिळवणी करायला चांद्याकडं निघाला. एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सनं त्याला गाठलं आणि पिटाळलं. मग अ‍ॅडम्स चांद्यावर आला. तारीख 9 मे. चांद्याचा मे महिना तुला सांगायला नको. आत किल्लेदार गंगासिंह. तोफा लागल्या, भिंतीला खिंडार पडलं आणि 20 मेला इंग्रजांनी हल्ला करून शहर घेतलं. गंगासिंह लढता लढता पडला. ही भिंत सरळ उभी, दगडाची. अशा भिंतीवर चढणं सोपं नसतं, हत्तीची धडक चालत नाही, पण एकाच जागी तोफेचे गोळे बसत राहिले की ती ढासळते. आखली तेव्हा इंग्रजांच्या तसल्या तोफा नव्हत्याच. तरीही अकरा दिवस टिकली.

भाची : आणि त्या अकरा दिवसांत भिंत कुणाची होती? बांधली गोंड राजांनी. राखत होता भोसल्यांचा किल्लेदार. घेतली कंपनीनं. तिच्यावर उभं राहणारा बदलत गेला, भिंत तीच राहिली. म्हणूनच मी म्हणते, भिंतीला स्वतःची बाजू नसते. ज्याच्या हाती दरवाजाची किल्ली, त्याच्या बाजूनं ती उभी राहते. याहून कडू गोष्ट त्यानंतर चाळीस वर्षांची आहे. मोलमपल्लीच्या बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांनी 1858 मध्ये जंगलातल्या माणसांना घेऊन इंग्रजांविरुद्ध उठाव केला. ते पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना फाशी दिलं, ते कुठं? चांद्याच्या कारागृहाच्या आवारात. आणि ते कारागृह कुठं? गोंड राजांच्या जुन्या राजवाड्याच्या जागेवर, याच कोटाच्या आत. तेव्हा ही भिंत आपल्या वीराला राखत नव्हती, त्याला पळू देत नव्हती. अभिमान सांगताना हे पान उलटून कसं चालेल?

मामा : उलटून चालणारच नाही. ते पान तिथं उभं आहे म्हणून तर जागा राखायची. शेडमाक्यांची आठवण पुस्तकात आहेच, पण दरवर्षी 21 ऑक्टोबरला माणसं त्या जागेवर जमतात, दूरदूरच्या गावांहून येतात. तुझ्याच धानोऱ्याकडून येतात. उद्या कोट गेला, वाडा गेला, कारागृह दुसरीकडं गेलं, तर त्यांनी कुठं उभं राहायचं? मुंबईचं बघ. तिथल्या किल्ल्याची तटबंदी 1860 च्या दशकात पाडून टाकली. शहराला रस्ते आणि इमारती हव्या होत्या, ते खरंच होतं. आज ‘फोर्ट’ हे नाव लाखो लोक रोज घेतात, पण तट कुठून कुठं होता हे किती जणांना दाखवता येईल? छत्रपती संभाजीनगरला दरवाजे उरले, त्यांना जोडणारी भिंत बरीचशी गेली. आपल्या चंद्रपूरला जवळजवळ सगळा घेर अजून उभा आहे. हे महाराष्ट्रात फार थोड्या शहरांच्या नशिबी आलंय.

भाची : माझ्याही भागात किल्ले आहेत, मामाजी. वैरागडचा आहे, खंदक आहे, तटबंदी आहे. आणि धानोऱ्याच्या ईशान्येला टिपागडचा डोंगर आहे. तिथं पुरम राजाची कथा सांगतात. छत्तीसगडाकडून फौज आली, राजानं ती हटवली आणि पाठलाग करत दूर गेला. धावपळीत त्याच्या पायातला जोडा पडला. शत्रूनं तो राणीला दाखवला, म्हणाले, तुझा राजा मेला. राणीनं रथ तळ्यात घातला. राजा जिंकून परत आला, त्याला हे कळलं आणि तोही त्या पाण्यात उतरला. आमच्याकडच्या बाया ही गोष्ट सांगतात तेव्हा तटाची उंची कुणी सांगत नाही. सगळे सांगतात ते जोड्याचं आणि खोट्या निरोपाचं. चांद्यालाही तेच झालं. राज्य गेलं ते फितुरीनं आणि घरातल्या बेबनावानं.

मामा : म्हणजे तू माझ्याच मुद्द्यावर आलीस. भिंत आतल्या माणसांच्या एकीवर उभी असते.

भाची : हो, म्हणून तर विचारते, आज ती कुणाच्या एकीवर उभी आहे? परकोट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात. कायदा 1958 चा, त्यात 2010 ला दुरुस्ती झाली. स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथं नवं बांधकाम नाही. त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित, तिथं परवानगी लागते. एखाद्या मंदिराभोवती शंभर मीटर म्हणजे एक आवार. पण दहा-अकरा किलोमीटरच्या भिंतीला आतून शंभर आणि बाहेरून शंभर मीटर धरा. किती घरं आली? पठाणपुरा, बिनबा, विठोबा खिडकी, बगड खिडकी, सगळा जुना चांदा आला. पोराचं लग्न झालं, एक खोली वाढवायची आहे, छत गळतंय, स्लॅब टाकायचा आहे, तर भिंतीशेजारचा माणूस कुणाचे उंबरे झिजवणार? त्याला परकोट आपला वाटेल की वैरी?

मामा : तो कायदा नसता तर भिंतच उरली नसती. माझ्या लहानपणी मी डोळ्यांनी पाहिलंय. घर बांधायला दगड हवा असला की लोक कोटाकडं बघायचे. घडीव, चौकोनी, तयार दगड. रात्री एक निघाला की दुसरा सैल होतो. आणि दुरुस्तीला बंदी नाही. 16 जून 1992 च्या आधीचं घर असेल तर परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते.

भाची : कायद्यात येते. घरापर्यंत किती पोचते? बिल्डर वकील लावतो, कागद करून घेतो. हातावर पोट असलेल्याला अर्ज कुठं करायचा तेच माहीत नसतं.

मामा : तेवढं खरं आहे. आमच्या ओळीतल्याही कितीकांना ती तारीख ठाऊक नाही. पण भिंतीचं दुखणं काय असतं, तेही तुला दाखवतो. पावसाळ्यानंतर बुरुजावर जा. दोन दगडांच्या सांध्यात बोटभर पिंपळ उगवलेला दिसेल. पक्ष्यानं टाकलेलं बी, सांध्यातला ओलसर चुना, बस एवढंच लागतं त्याला. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी उपटता येतं. तिसऱ्या वर्षी मूळ सांध्यातून आत मातीच्या भरावात शिरतं. मग वरून तोडलं तरी खालून पुन्हा फुटतं. दहा वर्षांनी मूळ मनगटाएवढं होतं आणि समोरच्या दगडाला बाहेर ढकलतं. दगड पोट काढल्यासारखा पुढं येतो, मागं पाणी मुरतं, आणि एखाद्या जुलैत दहा-पंधरा फूट भिंत एका रात्रीत खाली येते. तोफेनं जे अकरा दिवसांत केलं, ते पिंपळ बिनआवाज करतो. मग कुणी घाईनं सिमेंट थापतं, तेही वाईट. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओल आत कोंडून धरतं आणि वालुकाश्माची कड झडू लागते. हे काम जाणकाराचं आहे. गाव जमवून केलं की झालं, असं नाही.

भाची : पण ते रोप पहिल्या वर्षी दोन बोटांनी उपटायला जाणकार लागत नाही ना? रोज भिंतीसमोर राहणारा लागतो. खात्याचा माणूस नागपूरहून येईपर्यंत तिसरं वर्ष उजाडतं.

मामा : आता तू नेमकं बोललीस. 1 मार्च 2017 पासून चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी, बंडू धोतरे यांच्या पुढाकारानं, हेच केलं. पहाटे उठायचं, कोयते-फावडी घ्यायची आणि एकेका बुरुजावरची झाडी काढायची, कचरा उपसायचा. दोनशेहून जास्त दिवस सलग काम केलं. त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख केला. झाडीत बुडालेले बुरूज आम्ही साठीला आलेल्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. लोक मुलांना घेऊन फांजीवरून फिरायला लागले.

भाची : ते काम मोठंच. पण ते कुणाच्या हक्कानं झालं? खात्याची परवानगी होती म्हणून झालं. परवानगी एक दिवस संपते. माझ्या तालुक्यात वेगळं घडलंय. मेंढा-लेखा धानोऱ्याच्या जवळच. तिथल्या जंगलावर शंभर वर्षं सरकारचा ताबा होता आणि लोक निस्तारासाठी, म्हणजे घरच्या सरपण-लाकडासाठीसुद्धा, हात जोडून उभे राहत. गावानं आधी आपणहून नियम केले, कुऱ्हाड कुठं चालेल, कुठं नाही. अभ्यासगट बसवले, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घ्यायची सवय लावली. वनहक्क कायदा 2006 ला आला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हातात बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. त्या जंगलाला भिंत नाही, मामाजी. तारेचं कुंपणही नाही. राखणदार गावच. मग परकोटाला शंभर मीटरचं कुंपण घालून शेजारच्याला दूर का लोटायचं?

मामा : कारण जंगल पुन्हा उगवतं, बाई. बांबू तोडला तर पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येतात. गोंड कारागिरानं घडवलेला दगड एकदा गेला की गेला. गावानं जंगलात चूक केली तर निसर्ग सांभाळून घेतो. कोटाच्या बाबतीत एका माणसाची एका रात्रीची चूक चारशे वर्षं खाऊन टाकते. म्हणून कडक कायदा हवाच. तुझं मेंढा उचलून पठाणपुऱ्यात ठेवता येणार नाही. तिथं एक गाव, एक समाज, एक जंगल. इथं अठरापगड वस्ती, भाडेकरू, दुकानं, राजकारण.

भाची : हे मला पटतं. दगड उगवत नाही, हे खरं. पण हक्क आणि परवानगी यांतला फरकही खराच आहे. मालकी खात्याचीच राहू द्या, कायदाही राहू द्या. मात्र राखण्याचं काम लिहून वाटून द्या. एक बुरूज, एक मोहल्ला. एक खिडकी, एक शाळा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्या मोहल्ल्यानं भिंत पाहायची, रोप उपटायचं, सरकलेला दगड कळवायचा, आणि कळवल्यावर काय झालं याचा जाब विचारायचा अधिकार त्यांच्याकडं असू द्यायचा. बदल्यात भिंतीशेजारच्या घरांच्या दुरुस्तीच्या अर्जासाठी महापालिकेत मदतीची एक खिडकी. त्याशिवाय माणूस कोटाच्या बाजूनं उभा राहणार नाही.

मामा : आणि पुराचं काय? कोटाचा आजचा उपयोग तू अजून मोजलाच नाहीस. इरई नदी फुगली, वर्धा नदीच्या पुरानं मागं दाब दिला की पठाणपुरा दरवाजाबाहेर पाणी चढतं. 2006, 2013, 2022 मध्ये बाहेरच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. तेव्हा पुराचा पहिला रेटा या भिंतीनं घेतला, हे आम्ही आत राहणारे जाणतो. शत्रूसाठी बांधलेली भिंत, आज पाणी तिच्यावर येऊन आपटतं.

भाची : आणि बाहेरच्यांचं? कोटाच्या आत सुरक्षित, बाहेर बुडालेले. हीच तर प्रत्येक भिंतीची गोष्ट आहे. नदीच्या पुररेषेत घरं बांधू दिली कुणी? गोंड राजांनी नाही. त्यांनी नदीला तिची जागा सोडली होती. आणि एक बघा. अंचलेश्वर, महाकाली, राणी हिराईनं नवऱ्यासाठी बांधलेली बीरशाहाची समाधी, ही सगळी ठिकाणं अंचलेश्वर दरवाजाच्या बाहेर आहेत. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाडा-तेलंगणातून माणसं येतात, ती कोटाबाहेरच उतरतात. राजांनी सगळं मोलाचं आत कोंडून ठेवलं नव्हतं.

मामा : हे मी असं कधी जोडून पाहिलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं सोडत नाही. आधी भिंत टिकली पाहिजे, मग तिच्या मालकीवर बोलू.

भाची : आणि माझं म्हणणं, मालकी ठरली तरच ती टिकेल.

दोघांची बोलणी इथं थांबतात, मिटत नाहीत. ती मिटावीत असं मलाही वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार आहे. मामांचं खरं : दगड पुन्हा उगवत नाही, आणि कायद्याची भीती नसती तर चांद्याचा परकोट केव्हाच घरांच्या जोत्यांत गेला असता. भाचीचं खरं : परकोट पुरा झाल्यापासून चांद्यावर जी मोठी संकटं आली, त्यांपैकी एकट्या 1818 मध्ये तो लढून पडला. राज्य गेलं ते आतून, आणि आजही त्याचं मरण आतूनच आहे, दुर्लक्षित सांध्यांतून आणि शेजाऱ्याच्या परकेपणातून.

माझा कौल भाचीकडं झुकतो, पण मामांची अट घालून. मालकी पुरातत्त्व खात्याची, चुना आणि दगडाचं काम जाणकाराचं, राखण मात्र मोहल्ल्याची आणि ती लेखी हक्कानं. धानोऱ्याच्या जंगलात एका गावानं दाखवलं की नियम आधी आपण पाळले तर हक्क मागता येतो. चंद्रपूरच्या मोहल्ल्यांनी तीच वाट धरावी. परवान्याची वाट पाहत न बसता आपल्या समोरच्या बुरुजाची नोंद आजपासून ठेवावी : कुठं रोप आलं, कुठला दगड सरकला, केव्हा कळवलं, काय उत्तर आलं. अशा वह्या एकोणचाळीस झाल्या की महापालिका आणि पुरातत्त्व खातं यांच्यासमोर हक्काची मागणी घेऊन जाता येईल.

आणि वाचकांना विनंती एवढीच. चंद्रपूरला आलात तर जटपुऱ्याच्या कोंडीतून बाहेर पडायची घाई करू नका. बगड खिडकीपासून पठाणपुऱ्यापर्यंत कोटाच्या कडेनं चालत जा, आणि भिंतीशेजारी राहणाऱ्या एखाद्या घरी थांबून त्यांना परकोटाबद्दल काय वाटतं ते विचारा. परकोट कुणाचा, याचं उत्तर त्यांच्या तोंडून ‘आमचा’ असं आलं पाहिजे. ते येत नाही, तोवर त्याचं जतन अपुरंच आहे.